सवलतीच्या मालाची चार दारं



आजचा विषय मला एका टोपीने दिला. २०२२च्या उन्हाळ्यात मी, बायको आणि आमची नऊ वर्षांची मुलगी हैदराबादहून अमेरिकेला गेलो होतो. माझी मावसबहीण फ्लोरिडात, ऑरलँडोजवळ राहते. वयाने मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणतो. ऑरलँडोला जायचं आणि वॉल्ट डिस्नी वर्ल्ड बघायचं नाही, हे मुलीला पटण्यासारखं नव्हतं. १ ऑक्टोबर १९७१ला सुरू झालेल्या त्या पार्काचा तेव्हा सुवर्णमहोत्सव चालू होता. मुलीने मिकीच्या कानांची टोपी मागितली. टोपीवर समोर मोठा ५० चा आकडा. किंमत तीस डॉलरच्या आसपास. मनातल्या मनात रुपयांत हिशोब केला, सव्वादोन हजारांच्या वर गेला, आणि पैसे दिले.

वर्षभराने ताईने एक फोटो पाठवला. त्यांच्या गावाजवळच्या आउटलेट मॉलमध्ये तीच टोपी, त्याच ५० च्या आकड्यासकट, दहा डॉलरला. कुतूहल म्हणून मी त्याच रात्री ईबेवर शोधलं. तिथे कुणीतरी तीच टोपी बावीस डॉलरला विकत होतं. वस्तू एक, किमती तीन.

मी ताईला फोन करून म्हटलं, "आम्हाला लुटलं की गं!" ती हसली. म्हणाली, "अरे, तू घेतलीस तेव्हा जत्रा भरलेली होती. जत्रा उठल्यावर पिपाणी कितीला मिळते?" मग तिने मला एक गोष्ट सांगितली. ताई पूर्वी तिकडच्या एका पार्काच्या दुकानात काउंटरवर होती. कोणतं पार्क ते इथे सांगत नाही. तिच्यासोबत काम करणारा एक जण कर्मचाऱ्यांच्या सवलतीत खेळणी घ्यायचा आणि रात्री घरून ऑनलाइन विकायचा. एक दिवस त्याला ऑफिसात बोलावलं, ओळखपत्र काढून घेतलं, आणि विषय संपला. ताई म्हणाली, "त्याच आठवड्यात तोच माल कंपनीने आउटलेटला पाठवला, त्याने लावलेल्या भावापेक्षाही स्वस्त."

या वाक्याने मला कामाला लावलं. सवलत तीच, माल तोच. मग एका हातात तो व्यापार आणि दुसऱ्या हातात गुन्हा कसा? याचं उत्तर इतिहासात सापडतं, म्हणून आज तो बघू.

सुरुवात पार्काच्या आधीपासून करावी लागेल. मिकी माउसचा 'स्टीमबोट विली' १९२८ साली झळकला. १९३२ साली वॉल्ट डिस्नीने के केमन नावाच्या जाहिरात व्यावसायिकाशी करार केला, आणि मिकी साबणापासून घड्याळापर्यंत सगळीकडे दिसू लागला. १९३३ साली आलेलं इंगरसोल कंपनीचं मिकीचं घड्याळ तर मंदीच्या ऐन काळात तुफान खपलं. यात लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, हा माल कुणालाही, कुठल्याही दुकानात मिळत होता. त्याला गाव नव्हतं.

गाव मिळालं १७ जुलै १९५५ला. कॅलिफोर्नियात अनाहाइम इथे संत्र्यांच्या बागा तोडून डिस्नीलँड उभं राहिलं. सुरुवातीला तिथली बरीच दुकानं डिस्नीची नव्हतीच, बाहेरच्या व्यापाऱ्यांना भाड्याने दिलेली होती. पहिल्या वर्षी मेन स्ट्रीटवर चक्क बायकांच्या अंतर्वस्त्रांचंही एक दुकान होतं. पुढे प्रसिद्ध विनोदी नट झालेला स्टीव्ह मार्टिन शाळकरी वयात त्याच पार्कात माहितीपुस्तिका विकायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'मिकी माउस क्लब' टीव्हीवर सुरू झाला आणि त्यातल्या मुलांच्या डोक्यावरची कानांची टोपी पार्काची खूण बनली. मागे मुलाचं नाव दोऱ्याने भरून मिळायचं.

आता वस्तूला जागा चिकटली. आपल्याला हे समजावून सांगायला नको. तुळशीची माळ कुठेही मिळते, पण आजीने पंढरपूरहून आणलेली माळ वेगळी. तिच्यात वारी असते. डिस्नीलँडच्या टोपीत सहल होती. आणि सहलीला तिकीट लागतं. म्हणजे टोपी विकत घेण्याआधीच गिऱ्हाईक एकदा पैसे मोजून फाटकातून आत आलेलं. तिथे घासाघीस कोण करणार?

पुढे जागेला तारीखही जोडली गेली. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलच्या मॉलमध्ये पहिलं डिस्नी स्टोअर उघडलं. साधा मिकी पुन्हा घराजवळ मिळू लागला. मग पार्कात जाऊन काय आणायचं? जे मॉलमध्ये मिळत नाही ते. पार्काचं नाव, एखाद्या राइडचं चित्र, त्या वर्षाचा आकडा, त्या महोत्सवाचं बोधचिन्ह. या छापाईने माल आत महाग झाला, आणि त्याच छापाईने तो नाशवंतही झाला. भाजीसारखा. २०२०चं उदाहरण घ्या. मार्चमध्ये कोविडमुळे अमेरिकेतली पार्कं बंद पडली. फ्लोरिडातलं ११ जुलैला उघडलं, पण अनाहाइमच्या डिस्नीलँडची फाटकं उघडायला ३० एप्रिल २०२१ उजाडावं लागलं. २०२० छापलेले शर्ट आणि मग घेऊन बसलेल्या दुकानदाराची अवस्था डोळ्यांसमोर आणा.

असा माल पार्काबाहेर पडतो कसा? मला चार दारं दिसतात.

पहिलं दार उघडं आणि राजमान्य. ऑरलँडोच्या आउटलेट मॉलमध्ये कॅरेक्टर वेअरहाउस नावाची दुकानं आहेत. पार्कात न खपलेला, महोत्सव उलटून गेलेला माल तिथे येतो. छापील किंमत खोडलेली, भाव अर्ध्यावर किंवा त्याहूनही खाली. तिथे जायला पार्काचं तिकीट लागत नाही. आपल्याकडे दिल्लीच्या सरोजिनी नगरात एक्स्पोर्टचा उरलेला माल शोधणारे जसे सकाळी लवकर पोचतात, तसे तिथेही नेमाने येणारे लोक आहेत. त्यांतले काही सहलीला आलेले, तर काही विकण्यासाठी घेणारे.

दुसरं दार कर्मचाऱ्यांचं. डिस्नीत नोकराला नोकर म्हणत नाहीत, 'कास्ट मेंबर' म्हणतात, म्हणजे नाटकातला नट. या नटांना खरेदीवर सवलत असते. फ्लोरिडात त्यांच्यासाठी कास्ट कनेक्शन नावाचं वेगळं दुकान आहे, तिथे उतरलेल्या भावाचा माल मिळतो. ग्लेंडेलला, जिथे पार्कांची आखणी होते तिथे, मिकीज ऑफ ग्लेंडेल नावाचं दुकान आहे. तेही कंपनीच्याच लोकांसाठी. तिथल्या पिना संग्राहकांच्या बाजारात चढ्या भावाने फिरतात, कारण बाहेरच्या माणसाला तिथे पाऊल टाकता येत नाही.

तिसरं दार वार्षिक पासवाल्यांचं. वर्षाचा पास काढणाऱ्याला खरेदीवर साधारण वीस टक्क्यांपर्यंत सूट मिळते. यातून एक नवीनच धंदा जन्माला आला. पार्काजवळ राहणारा पासधारक रोज आत जातो, दूरच्या राज्यातल्या चाहत्यांसाठी त्यांनी सांगितलेल्या वस्तू आणतो आणि वर आपली मजुरी लावतो. याला तिकडे पर्सनल शॉपर म्हणतात.

चौथं दार कारखान्याचं, मागचं. ते समजण्यासाठी पिनांचा किस्सा सांगावा लागेल. ऑक्टोबर १९९९मध्ये, नव्या सहस्रकाच्या उत्सवात, डिस्नी वर्ल्डने पिना अदलाबदलीची टूम काढली. कर्मचाऱ्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर पिना लावलेल्या असतात, तुम्ही तुमची एक द्यायची आणि त्याची एक घ्यायची. पैशाचा व्यवहार नाही. खेळ छान होता, पण त्यात एक फट राहिली. कर्मचाऱ्याने पुढे केलेली पिन घ्यायची असते, ती कुठून आली हे तो सहसा विचारत नाही. मग कारखान्यात रंग चुकल्यामुळे नाकारलेल्या आणि सरळसरळ नकली पिना शेकड्याच्या भावाने ऑनलाइन मिळू लागल्या. संग्राहक त्यांना 'स्क्रॅपर' म्हणतात. स्वस्तातली पिन घेऊन जायचं, खऱ्या पिनेशी बदलायची, आणि खरी घरी आणून विकायची. मुलांच्या खेळातून मालाचा शुद्धतेचा कस उतरला.

ही दारं जुनीच असतील, पण पलीकडे बाजार नव्हता तोवर त्यांचं फारसं कुणाला काही नव्हतं. तो बाजार १९९५ साली आला. पियर ओमिड्यारने सुरू केलेल्या लिलावाच्या त्या साइटचं पुढे ईबे झालं. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. मोडक्या पॉइंटरलाही गिऱ्हाईक असतं म्हटल्यावर मिकीच्या टोपीची काय कथा! ओहायोतल्या माणसाला आता टोपीसाठी फ्लोरिडाला जायची गरज उरली नाही.

इथे जरा हिशोब मांडू, कारण या धंद्यात फार पैसा आहे असा समज असतो. दहा डॉलरची आउटलेटची टोपी घ्या. तिथला विक्रीकर साडेसहा टक्के, म्हणजे पडली १० डॉलर ६५ सेंटला. ती बावीसला विकली. साइटने साधारण तेरा टक्के घेतले, म्हणजे २ डॉलर ८६ सेंट. पोस्टाचे पाच डॉलर धरा. हातात उरले साडेतीन डॉलर. त्यात पेट्रोल, खोकं आणि मॉलमध्ये घालवलेली सकाळ धरलेली नाही.

आता पासवाल्याचा हिशोब करा. तीस डॉलरची टोपी वीस टक्के सुटीने चोवीसला, करासकट साडेपंचवीसच्या थोडी वर. पोस्ट आणि साइटची वजावट बघता ती पस्तीसच्या वर विकली तरच दोन पैसे सुटतात. म्हणजे साध्या वस्तूला हे दार परवडतच नाही. पासवाला दुर्मीळ वस्तूच्याच मागे धावणार. जानेवारी २०२२मध्ये एपकॉटच्या कला महोत्सवात फिगमेंट नावाच्या जांभळ्या ड्रॅगनच्या आकाराचा पॉपकॉर्नचा डबा निघाला, तेव्हा लोक कित्येक तास रांगेत उभे होते, आणि लगोलग तो ईबेवर काही पट भावाने दिसायला लागला. त्या रांगेत पोराला घेऊन उभा असलेला बाप आणि धंदेवाला, दोघांचेही पाय सारखेच दुखले असणार.

जो माल आज उतरला तो उद्या चढेल, या आशेवरही लोक तो घरात साठवतात. स्प्लॅश माउंटन या राइडचं रूप बदलणार अशी घोषणा जून २०२०मध्ये झाली आणि तिच्या वस्तूंचे भाव वर गेले. फ्लोरिडातली राइड जानेवारी २०२३मध्ये बंद झाली, तेव्हा तिथलं पाणी म्हणून बरण्या ईबेवर विकायला आल्या होत्या! भाव उतरण्याचं आणि चढण्याचं कारण इथे एकच आहे. जागा किंवा तारीख मागे पडते. कुणाला ती विसरायची असते, कुणाला धरून ठेवायची असते.

मग कंपनी हे थांबवत का नाही? तिच्याकडे वकिलांची काही कमतरता नाही. याचं उत्तर पार्काहून जुनं आहे, आणि ते एका कादंबरीच्या खटल्यात आहे.

बॉब्स-मेरिल नावाच्या अमेरिकन प्रकाशकाने 'द कास्टअवे' या कादंबरीत छापलं होतं की, हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी भावाने विकायचं नाही, विकलंत तर कॉपीराइटचा भंग समजू. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकायला काढलं. दुकान स्ट्राउस बंधूंचं. त्यांतला इसिडोर स्ट्राउस पुढे टायटॅनिकवर बुडाला. प्रकाशक कोर्टात गेला. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: एकदा विकलंत, विषय संपला. विकत घेतलेल्या प्रतीचं मालकाने पुढे काय करायचं आणि कितीला विकायची, हे तुम्ही नोटीस छापून ठरवू शकत नाही.

याच तत्त्वाची पुढची कडी आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना माहीत असेल. 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' असं छापलेली स्वस्त परदेशी पाठ्यपुस्तकं आठवतात? अशाच आशियाई आवृत्त्या थायलंडमधून मागवून सुपाप किर्तसेंग हा विद्यार्थी अमेरिकेत ईबेवर विकायचा. वायली प्रकाशनाने दावा लावला, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने कौल दिला. परदेशात छापलेली असली तरी विकत घेतलेली प्रत ही तुमचीच.

आता टोपीकडे या. खरी, पैसे देऊन घेतलेली टोपी कुणी पुन्हा विकली, तर कायदा सहसा टोपीच्या मालकाला अडवत नाही. टोपी मोकळी आहे. मग कंपनीच्या हातात काय उरतं? माणूस. कर्मचारी नोकरीला लागताना सही करतो की, सवलत स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी आहे, विकण्यासाठी नाही. पासवाला पास घेताना हीच अट मान्य करतो. वस्तूला बांधता येत नाही म्हणून माणसाला कराराने बांधायचं. अट मोडली की टोपी परत येत नाही, पण नोकरी जाते किंवा पास रद्द होतो.

टोकियोत हे आणखी सुबकपणे केलं जातं. तिथलं डिस्नीलँड १५ एप्रिल १९८३ला सुरू झालं, आणि ते चालवणारी ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी आहे. जपानात सहलीहून परतताना शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी खाऊ आणण्याचा रिवाज आहे, त्याला ओमियागे म्हणतात. म्हणजे मोठी खरेदी तिथे रीतीचीच. तरीही फेरविक्रीसाठी खरेदी नको असं तिथे स्पष्ट सांगतात आणि मागणीच्या वस्तूंवर संख्येची मर्यादा घालतात. शांघायमध्ये २०२१च्या डिसेंबरात लीनाबेल या कोल्हिणीच्या आणि तिच्या मित्रांच्या नाताळच्या बाहुल्या आल्या, तेव्हा हजारो लोक कडाक्याच्या थंडीत पहाटेच्या आधीपासून रांगेत होते. रांगेतल्या कुणाला बाहुली हवी आहे आणि कुणाला नफा, हे काउंटरवरच्या मुलीने कसं ओळखायचं?

आणि त्या काउंटरवरच्या मुलीला पगार किती? २०१८ साली डिस्नी वर्ल्डच्या कामगार संघटनांनी करार केला, तेव्हा किमान वेतन तासाला दहा डॉलर होतं. ते २०२१पर्यंत टप्प्याटप्प्याने पंधरावर न्यायचं ठरलं. दहा डॉलरच्या हिशोबाने कानांची एक टोपी म्हणजे तीन तास उभं राहणं. अशा पगारात सवलत ही मेहेरबानी नसते, पगाराचाच एक भाग असते. फक्त तो भाग नोटांत मिळत नाही, टोप्यांत मिळतो, आणि टोप्यांनी घरभाडं भरता येत नाही. ती मोडून नोटा करायला गेलात की नियम मोडतो.

ताईच्या सहकाऱ्याने चूक केली का? केली. सही त्याची होती, आणि सगळेच असं करू लागले तर सवलतच बंद होईल, म्हणजे नुकसान बाकीच्या प्रामाणिक लोकांचं. हे ताईही म्हणते. पण त्याच्याकडून टोपी घेणाऱ्याने काही चूक केली नव्हती. उरलेला माल आउटलेटला पाठवणाऱ्या कंपनीनेही नाही. तिथून घेऊन ईबेवर विकणाऱ्यानेही नाही. साखळीत चौघे होते आणि किंमत एकाने मोजली. मला विचाराल तर नियम असावा, पण पहिल्या चुकीला सवलत काढून घेणं पुरेसं होतं. भाकरी काढून घ्यायला नको होती.

आमच्या घरातली टोपी आता कपाटाच्या वरच्या खणात आहे. या भागाची तयारी करताना मी मुलीला सहज विचारलं, "विकायची का गं? कदाचित पुढे भाव येईल." तिने टोपी उलटी करून दाखवली. आत बॉलपेनने तिचं नाव, इयत्ता आणि आमच्या घराचा पत्ता लिहिलेला होता, हरवली तर परत मिळावी म्हणून. संग्राहकाच्या भाषेत माल खराब झाला. टोपी पुन्हा वरच्या खणात गेली.

पुढच्या वेळी कुठल्याही जत्रेत, देवळाबाहेर किंवा विमानतळावर आठवणीची वस्तू घ्याल, तेव्हा ती विकणाऱ्या माणसाकडे क्षणभर बघा. त्या वस्तूवर त्याला किती सूट आहे, आणि ती घरी नेऊन तो काय करू शकतो, एवढं मनात आणा. आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.